वेंधळीचा चष्मा

शिंप्याच्या थोरलीला घरात सगळे वेंधळीच म्हणत. तिची शिवण हमखास वाकडी जाई आणि वडील कपाळाला हात लावत. गावात दुसरं काम नव्हतं. मग खेड्यातल्या तरुणांना नोकरी शोधायला मिळणारं अनुदान तिच्या खात्यात आलं आणि ती बसने शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात गेली. तिने कापड नाकाशी धरलेलं पाहून तिथल्या सुपरवायझर बाई म्हणाल्या, "अगं, आधी डोळे तपासून घे, मग ये." भाडं देऊन उरलेल्या पैशांत तिने चष्मा केला.

घरी आली ती दारातच थबकली. "बाबा, तुमच्या भुवया कधी पिकल्या हो?"

वडिलांचं मशीन थांबलं. पोरीला दिसतच नव्हतं, हे त्यांना आत्ता उमगलं. "आणि मी तुला उगाच बोलत राहिलो गं," ते म्हणाले.

"जाऊ द्या हो. छान दिसतात."

तिला कारखान्यात काम मिळालं. आता रोज सकाळी वडील तिला थांब्यावर सोडायला जातात. ती लांबूनच बसची पाटी वाचून दाखवते आणि ते शेजारच्या माणसाला सांगतात, "आमची थोरली आहे."