भोकं पाडलेला डबा

बारामतीच्या दवाखान्यात दत्ताला शेवटचं भेटलो, त्याला आता सहा आठवडे होतील. आशा नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आत येऊन मी म्हणालो, "सुधारणा हाय म्हणत्यात. पंधरा दिवसांत गावाला, अंथुर्ण्याला जाशील." तो बारीक हसला. "बांध, दादा. डबा बांध." त्याच्या मुलीला, सुनीला वाटलं, तापात बरळतोय.

दत्ता माझा धाकटा चुलत भाऊ. पाण्याला इतका भ्यायचा की विहिरीत वाकूनही बघायचा नाही. सन एकोणीसशे नव्वदच्या सुमारास छोट्या सुनीने पोहायला शिकायचा हट्ट धरला, तेव्हा "ही बुडाली तर मी काय काठावर रडत बसू?" म्हणत तो चाळिशीत पाण्यात उतरला. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याच्या पाठीला झाळून हवाबंद केलेला तेलाचा रिकामा डबा बांधला. दत्ता तरंगू लागला. काही दिवसांनी आबांनी गुपचूप खिळ्याने डब्याला भोकं पाडली. डबा पाण्याने भरायचा आणि दत्ता मजेत फेऱ्या मारायचा. शेवटी आबा काठावरून ओरडले, "दत्त्या, लेका, डब्यात पानी हाय! तुझा तूच पवतोयस!"

ऐकलं मात्र, दत्ता सरळ खाली गेला. मी उडी मारून त्याला वर काढला. त्यानंतर तो विहिरीकडे फिरकला नाही, सुनीलाही जाऊ देईना. मग एका सकाळी तोच डबा घेऊन आला. "बांधा, आबा."

"आरं, भोकं हाईत त्याला."

"ठावं हाय मला. तरी बांधा."

आणि पोहला. भरलेल्या डब्याचं पाण्यात वजन जाणवत नाही, पण आधारही मिळत नाही. हा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला, जुळला नाही. पुढे कधीतरी त्याने स्वतःच दोर सोडला, आणि सुनी त्याच्या शेजारी शिकली.

म्हणून दवाखान्यात मी त्याच्या घरी जाण्याचंच बोलत राहिलो. ऊस, पाटाचं पाणी, गोठ्याचे पत्रे... त्या संध्याकाळी तो उठून बसला, भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी गेला.

परवा सुनीबरोबर विहिरीत उतरलो. लहानपणापासून इथेच पोहलोय. पाणी छातीला लागलं आणि पायरीचा दगड हातातून सुटेना. त्या दिवसासारखा दत्ता खालीच आहे, असं वाटत राहिलं. सुनी मध्यावर जाऊन वळली.

"काका, सोडा की हात!"

"येतो," म्हणालो. ती पलीकडच्या भिंतीला हात लावून परत आली, तरी मी दगड धरून तिथेच होतो.