आईचा हिरवा ध्रुवीय प्रकाश

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या बाळंतपणासाठी आई नागपूरहून अमेरिकेत, श्रूजबरीला आली, ती दोन बॅगा घेऊन. एकीत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा आणि गोधड्या. दुसरीत चार साड्या आणि एक होकायंत्र. हे कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "उत्तर कुठे आहे ते कळायला नको?"

उत्तर तिला हवी होती ध्रुवीय प्रकाशासाठी. आई भंडारा जिल्ह्यातल्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होती. आमच्या वस्तीतून शिक्षिका झालेली ती पहिली बाई, त्यामुळे हिला काय येणार, अशी शंका गावात बऱ्याच जणांना होती. पहिल्याच महिन्यात तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर येऊन बसले. आईने फळ्यावर हिरव्या खडूने ध्रुवीय प्रकाशाचा झुलता पडदा काढला, आणि एका आगाऊ मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय?"

सगळा वर्ग, साहेबांसकट, आईकडे बघायला लागला. आई म्हणाली, "हो. काश्मीरला."

तोवर ती नागपूरच्या पुढे गेली नव्हती. साहेबांनी मात्र मान डोलावली, वहीत काहीतरी बरं लिहिलं, आणि आई कायमची अडकली. पुढच्या वर्षीची मुलं थोरल्या भावंडांकडून ऐकून यायची आणि "बाई, काश्मीरचं सांगा" म्हणून मागे लागायची. दर वर्षी तो प्रकाश थोडा थोडा वाढत गेला. आई निवृत्त झाली तेव्हा त्याला जांभळी झालर लागली होती आणि त्यातून बारीक आवाजसुद्धा यायला लागला होता.

हे तिने मला इथे आल्यावर, माझ्या लेकीला तेल लावता लावता सांगितलं. "एकदा बघू दे बाप्पा," म्हणाली. "पोट्ट्यांशी तीस वर्षं खोटं बोलले. एवढ्या उत्तरेला येऊन नाही दिसला, तर मग कधी?"

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. व्हिसा सहा महिन्यांचा होता.

रोज जेवणं झाली की ती नऊवारी मापाची शाल, जावयाचं जॅकेट आणि माकडटोपी अशा थाटात बॅकयार्डमध्ये उभी राहायची. मला दारापाशीही यायची परवानगी नव्हती. बाळंतिणीला वारा लागतो. जन्मभर गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध बोललेली बाई, पण माझ्या कानातला कापूस काढू देईना. मी वाद घातला की म्हणायची, "ही अंधश्रद्धा नाही. हा अनुभव आहे." चाळीस दिवस उलटल्यावर तिने मुदत वाढवली, कारण इथली थंडी तिच्या हिशेबात नव्हती.

ऑक्टोबरअखेरीस एका संध्याकाळी ती ओरडत आत आली. आकाशात हिरवं काहीतरी हलत होतं. नवरा धावत गेला. शेजारच्या आजोबांनी हॅलोवीनसाठी झाडाला हिरवा दिवा टांगला होता. आई ओशाळली, पण ओळख कामाला आली. आजोबांना हौशी रेडिओचं, घरच्या यंत्रावरून लांबलांबच्या लोकांशी बोलायचं वेड होतं. प्रकाश दिसायचा असला की त्यांच्या रेडिओत विचित्र खरखर येते, म्हणे. "तसं झालं की मी फोन करीन," त्यांनी कबूल केलं.

फोन आला तो आईच्या परतीच्या चार दिवस आधी, रात्री नऊच्या सुमाराला. लेक तीन दिवस पोटदुखीने रडत होती आणि नुकतीच, अगदी नुकतीच, आईच्या लांब केलेल्या पायांवर झोपली होती. नवरा बाहेर जाऊन आला आणि दारातूनच ओरडला, "आई, चला! खरंच दिसतंय!"

"हळू बोला," आई म्हणाली. "मी उठले तर ही उठेल."

"उठू दे ना!" मी म्हटलं.

"तीन दिवसांनी डोळा लागलाय लेकराचा. मला काही नाही बघायचं." हे म्हणताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला तिचा भयंकर राग आला.

आई गोधडीवर बसली होती. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने गोधडीकडे पाहिलं. दोघांनी एकेक टोक धरलं आणि ओढायला सुरुवात केली. किचनच्या गुळगुळीत फरशीवरून आई पाय पुढे करून, पायांवर नात घेऊन, सरकत निघाली. "झटका नको! जावईबापू, डावीकडून! फ्रिज, फ्रिज!" ती कुजबुजत हुकूम सोडत होती. सरकत्या दाराच्या पट्टीशी गाडी अडली. तिथे आम्ही गोधडीची चार टोकं धरून तिला उचललं आणि बाहेरच्या लाकडी डेकवर ठेवलं. माझी कंबर त्यानंतर आठवडाभर दुखत होती.

"तू आत जा, वारा लागेल," आई मला म्हणाली, आणि वर बघितलं.

झाडांच्या वर आकाश लाल झालं होतं. डाळिंबाच्या पाण्यासारखा पुसट रंग, मध्येच थोडा गडद, मध्येच गेल्यासारखा.

"कुठे आग लागलीय का?"

"हाच तो, आई."

"लाल?"

"इकडे लालच दिसतो म्हणतात आजोबा. हिरवा खाली असतो, झाडांमागे."

पडदा नव्हता, झालर नव्हती, आवाज तर नव्हताच. आई बराच वेळ बघत राहिली. शेवटी म्हणाली, "माझा चांगला होता."

मला हसू आवरेना. लेक चुळबुळली, पण उठली नाही. आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात नातीवर असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. मी तिच्याशेजारी खाली बसले.

कुंपणापलीकडून आजोबांनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या आईने हे आधी कधी पाहिलंय का?

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. तिला ते लागलंच नाही. तीस वर्षं ऐकलेला प्रश्न तिला कुठल्याही भाषेत कळला असता.

"नो," आई मोठ्याने म्हणाली. "फर्स्ट टाइम."