भागामावशीचं अर्धं वाक्य

भागामावशी गेल्याचं मला संस्थांच्या ग्रुपवर कळलं. ‘हवामान न्यायाच्या लढ्यातला आपला आवाज हरपला,’ असं कुणीतरी लिहिलं होतं. रडू येण्याआधी मनात आलं, ‘आपला’ म्हणजे नक्की कुणाचा?... हा संशय मी तिच्याकडूनच घेतलेला.

आंदर मावळातली तिची वस्ती डोंगराच्या पोटाशी. दर पावसाळ्यात वरून दरड येण्याची भीती. काही संस्थांनी एकत्र येऊन वस्तीच्या पुनर्वसनाची मागणी लावून धरली, आणि परदेशी पाहुण्यांसाठी दुभाषी म्हणून मी तिथे जाऊ लागले. मी इंग्रजी शाळेतली, मुळात कमी बोलणारी. पहिल्या दिवशी मावशीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुला कुनी धाडलं? प्लाटवाल्यांनी?” मी नाही म्हटलं. “ते बी न्हाईच म्हनत्यात,” असं म्हणून तिने चहा पुढे केला.

तिचं म्हणणं सरळ होतं. आम्ही खाली येतो, पण वरची जमीन आमच्याच नावावर राहिली पाहिजे. शेजारच्या वाडीने जागा सोडली, तिथे आता प्लॉटवाल्यांचे बंगले उभे आहेत. लोणावळ्याच्या बैठकीत ती हे बराच वेळ सांगत होती. माझी वाट न पाहता संयोजकांनीच ते पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं, एका वाक्यात. मावशीने माझं मनगट धरलं. “मी येवढं दळान घातलं, आन् ह्यांचं पीठ चिमूटभर? काय गाळलं, सांग.” जमीन गाळली होती. मी सांगितलं. तिने सगळ्यांसमोर त्यांना पुन्हा बोलायला लावलं, आणि मी मान हलवेपर्यंत ती खाली बसली नाही.

वस्तीतल्या शोकसभेला तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला होता. खाली तिच्या नावाने ओळ: ‘आम्ही स्थलांतराला तयार आहोत.’ जमिनीचं कुठे गेलं, मी संयोजकांना विचारलं. “जागा पुरली नाही गं,” ते म्हणाले. असेलही... मला पटलं नाही. बोलायला उठले. उरलेलं अर्धं वाक्य तेवढं म्हटलं आणि बसले. मागून एक आबा म्हणाले, “व्हय, आसंच म्हनायची ती.”

परवा तिच्या घरी गेले. सुनेने, सुरेखावहिनीने, तो फ्लेक्स विळ्याने कापला होता. फोटो आत भिंतीवर. अक्षरांची पट्टी गोठ्याच्या छपरावर, पालथी.

“तोंड तिचं हाय, ते ठिवलं,” वहिनी म्हणाली. “बोलनं तिचं न्हाई.”