लागलं! परत!

मोकळा हात डोक्याच्या वर, पंजा उघडा, आणि पार मिठागरापर्यंत पोचेल अशा आवाजात एकच शब्द : "लागलं!"

ताईंची ओळख करून द्यायची तर इथूनच करायला हवी. कारण तो हात त्या मार खाल्ल्यावर वर करायच्या, मारल्यावर नाही. मारून हात वर करणारे तुम्ही-आम्ही रोजच बघतो. मार खाऊन हात वर करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

आमच्या मुलुंड पूर्वेला घराजवळच रक्त तपासायची एक लॅब आहे. ताई तिथे रक्त घ्यायच्या. मी अधूनमधून साखर तपासायला जायचो, म्हणजे ती वाढली आहे याची पक्की खात्री करून घ्यायला. त्यांचा हात इतका हलका, की सुई टोचली हे मला कापसाचा बोळा लागल्यावर कळायचं. एकदा रक्त घेताना त्यांच्या कोटाची बाही वर सरकली आणि मला त्यांचा हात दिसला. कोपरापासून मनगटापर्यंत निळा, जांभळा, मध्ये मध्ये हिरवा.

मी पडलो सुशिक्षित, संवेदनशील वगैरे माणूस. माझ्या डोळ्यांसमोर लगेच एक दारुडा नवरा उभा राहिला. मी आवाज खाली आणला. "ताई, हे सहन करू नका. हल्ली कायदे आहेत. माझ्या ओळखीत एक वकील बाई आहेत, त्यांचा नंबर देतो."

त्यांनी शांतपणे सुई काढली. "नवरा? अहो, माझा नवरा कबुतराला घाबरतो. हे मंगळवारचं आहे."

"म्हणजे मंगळवारी दुसरंच कुणी...?"

अशा वेळी गप्प बसायचं असतं, ही अक्कल मला अजून आलेली नाही. ताई इतक्या हसल्या की बाहेर रांगेत बसलेले पेशंट आत डोकावले. मग म्हणाल्या, "शनिवारी सकाळी मंडळाच्या पटांगणावर या. उपाशीपोटी या."

गेलो. पटांगणावर माणसं एकमेकांना बडवत होती. दुसरा शब्द नाही. डोक्याला क्रिकेटची जाळीवाली हेल्मेटं, हातात जाड हातमोजे, पायांना पॅड, आणि वेताच्या काठीनं खरोखरचा मार. एक बँकेतली कॅशियर एका रिक्षावाल्याला अशी झोडत होती, जणू तो फाटकी नोट घेऊन आला होता. पंच नाही, शिट्टी नाही, गुण नाहीत. नियम एकच. ज्याला फटका बसला त्यानं स्वतः हात वर करायचा आणि "लागलं" म्हणायचं. मग समोरचा म्हणायचा, "परत." दोघं आपापल्या जागी, आणि पुन्हा सुरू.

मी ताईंना सांगितलं की शाळेत असताना मीही थोडं कराटे केलंय. हे सांगायची काही गरज नव्हती. त्यांनी मला हेल्मेट चढवलं, काठी दिली, आणि मी पवित्रा घेईपर्यंत माझ्या मांडीवर सणसणीत फटका बसला.

"लागलं?"

"छे छे, चालतं," मी म्हणालो. आपल्याकडे बोलायची पद्धत असते ना! कुणी पायावर पाय दिला तरी आपण "असू दे" म्हणतो.

दुसरा फटका, बरोब्बर त्याच जागी. "लागलं?"

"नाही, तसं काही विशेष नाही."

तिसरा. मी एका पायावर नाचलो. ताई एरवी तुमच्या-माझ्यासारखं मुंबईचं मराठी बोलायच्या, पण चिडल्या की त्यांच्या तोंडात मालवण यायचं. "अरे मेल्या, लागला तर लागला म्हणायचा! खोटा कित्याक बोलतंस? तुका लागलाच नाय, तर तू शिकतलंस काय?"

मी हात वर केला आणि ओरडलो. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी "शुगर" झालो. सगळ्या पटांगणासमोर, "ए शुगर, कोपर खाली!"

ताईंचे वडील गिरणी कामगार. गिरणगावातल्या व्यायामशाळेत ते फरी-गदका शिकवायचे. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल, गदका म्हणजे चामडं चढवलेली काठी. ताई लहानपणापासून त्यात तरबेज. कार्यक्रमात त्यांची काठी फिरायला लागली की लोक टाळ्या वाजवायचे. मग ऐन विशीत, घाटकोपरच्या पुलावर, एकानं त्यांच्या गळ्यातल्या साखळीला हात घातला. ताईंच्या हातात लांब दांड्याची छत्री होती.

"काठीचे सगळे हात येत होते रे मला," त्या सांगायच्या. "एक आठवेल तर शपथ. त्यानं कानाखाली मारली आणि मी नुसती उभी. का माहितीये? तोपर्यंत मला कुणी मारलंच नव्हतं. सगळे माझी काठी कुठून येणार ते आधीच ठरवून उभे असायचे."

तेव्हापासून ठरवून काही करायचं नाही, हे त्यांनी ठरवलं.

मंगळवारी नुसती काठी, शनिवारी काठीनंतर सुरीचा सराव असायचा. सुरी लाकडाची, पण तिच्या धारेला ताई लालभडक लिपस्टिक फासायच्या. सराव संपला की ज्याच्या-त्याच्या अंगावरच्या लाल रेघा बघून कोण कुठे कापला गेला ते कळायचं. मी एकदा तसाच घरी गेलो. बायकोनं दार उघडलं, माझ्या मानेकडे पाहिलं, कॉलरकडे पाहिलं.

"हे काय?"

"काही नाही गं, ताईंनी गळा कापला," मी खरं तेच सांगितलं.

"आणि हे छातीवर?"

"तिथे आधीच मेलो होतो."

पुढच्या शनिवारी बायको स्वतः पटांगणावर आली. तपासणीला आली आणि तिथेच राहिली. आता घरात वाद झाला की मी आधीच हात वर करतो.

तर सगळं झकास चाललं होतं, आणि मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. पटांगण मंडळाचं. अध्यक्ष ताईंना म्हणाले, "ताई, यंदा मिरवणुकीत तुमच्या लेडीज पाहिजेत. नऊवारी, फेटा, गॉगल, आणि ट्रकच्या पुढे काठ्या गरागरा. पण ती मारामारी नको बरं का. कुणाला लागलं-बिगलं तर नाव खराब."

"फिरवायचाच असेल तर पंखो लावा," ताई म्हणाल्या.

"मग पटांगण विसरा."

इथे मी मध्ये पडलो. मध्ये पडण्याची मला हौस आहे. दोन्हीकडे गोड बोललो. अध्यक्षांना सांगितलं, एक मैत्रीचा सामना करू, फोटो चांगले येतील. ताईंना सांगितलं, ते आव्हान देतायत. आणि अटही मीच घातली. जो आधी हात वर करून "लागलं" म्हणेल, तो हरला. अध्यक्ष हरले तर पटांगण कायम आमचं. ताई हरल्या तर आम्ही मिरवणुकीत, आणि पटांगण अध्यक्षांच्या मर्जीवर. माझा हिशेब सोपा होता. अध्यक्षांना मी लॅबमध्ये पाहिलं होतं. सुई दिसायच्या आधीच ते "आई गं" म्हणायचे.

रविवारी सकाळी अध्यक्ष पांढऱ्या शुभ्र कुर्त्यात आले. फोटोत चेहरा दिसावा म्हणून हेल्मेट नको म्हणाले. "मगे डोक्यार मारणार नाय," ताई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचंही हेल्मेट काढून ठेवलं.

पहिला फटका मांडीवर. धोबीघाटावर चादर आपटावी तसा आवाज आला. मी पटांगण जिंकल्याच्या आनंदात टाळी वाजवायला हात उचलले.

अध्यक्ष मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे बघून हसले. "नाय लागलं!"

ताईंनी पुन्हा तिथेच मारलं. अध्यक्षांच्या मिशीवर घाम आला. "गुदगुल्या!" ते म्हणाले. तिसरा मनगटावर. काठी हातातून उडून पडली. "हात सटकला," ते म्हणाले. माझ्या लक्षात आलं, की मी घातलेल्या अटीत खोटं बोलणारा माणूस कधीच हरू शकत नाही. हे माझ्या लक्षात यायला एका माणसाला तीन फटके खावे लागले.

ताई थांबल्या. त्यांना काठी उचलू दिली. अध्यक्षांनी ती उचलली आणि डोळे मिटून, गोफण फिरवावी तशी फिरवली. ताई मागे सरल्या. काठी हवेत गेली, सगळ्यांनी पाहिलं.

आणि ताईंचा हात वर गेला. "लागलं!"

अध्यक्षांनाही कळेना. मग आमची कॅशियर ओरडली, "ताई, नाही लागलं! मी बघितलं ना, लांबून गेली!"

"खांदा तुझा की माझा?" ताई म्हणाल्या. "टोक घासून गेलं. लागलं."

मी धावत त्यांच्याजवळ गेलो. "ताई, वाट लागली ना! कुणालाच दिसलं नव्हतं. पटांगण गेलं!"

"शुगर," त्या म्हणाल्या, "पटांगणासाठी खोटं बोलले, तर त्या पटांगणात शिकवू काय? कपाळ?"

मग अध्यक्षांकडे वळल्या. "हरले. मिरवणुकीत येऊ. शब्द दिलाय." पुढचा आठवडाभर अध्यक्ष लंगडत होते. कुणी विचारलं की "जिम" म्हणायचे.

मिरवणुकीच्या दिवशी आम्ही ठरल्याप्रमाणे ट्रकच्या पुढे उभे राहिलो. बायका नऊवारीत, कासोटा मारून. फेटेही होते, पण ते हेल्मेटवर बांधलेले. गॉगल जाळीच्या आत मावेनात म्हणून ते अध्यक्षांना परत केले. ताशा सुरू झाला, आणि ताईंनी पहिला फटका माझ्या खांद्यावर घातला. खरा. मंगळवारचा.

"लागलं!" मी हात वर केला.

"परत!"

ट्रकवरून अध्यक्ष माईकवर ओरडायला लागले, "ताई, फिरवा! अहो, फिरवा!"

"मिरवणुकीत यायचं ठरलं होतं," ताई खालून म्हणाल्या. "फिरवायचं कुठे ठरलं होतं?"

आमच्या मागे कॅशियर आणि रिक्षावाला, त्यांच्यामागे माझी बायको आणि एक कॉलेजातली मुलगी. वेत अंगावर वाजत होते. लोक आधी हसले. मग ताशेवाल्यांचे हात मंदावले. मग फुटपाथवर भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायका कुजबुजायला लागल्या, "अगं, हे खरंच मारतायत." आणि एकदा मला पोटरीवर फटका बसला, मी जरा दम घ्यायला थांबलो, तर त्यातली एक आजी खवळली. "अरे, लागलं की तुला! बोल ना!"

त्यानंतर सगळा रस्ताच पंच झाला. फटका बसला की दोन्ही बाजूंनी ओरडा, "लागलं!" आणि मागोमाग, "परत!" आमच्या बिल्डिंगच्या गॅलरीत झाडून सगळे शेजारी होते. त्यांच्यादेखत ताईंनी मला पार नाक्यापर्यंत बडवत नेलं. इतकी इज्जत मला त्या सोसायटीत आधी कधी मिळाली नव्हती.

मंगळवारी पटांगणाला कुलूप होतं. आम्ही मिठागराच्या वाटेवर एक मोकळी जागा शोधली. खडबडीत, चिलटांची, खारट वासाची. तिथे पहिल्याच दिवशी त्या भाजीच्या पिशव्यावाल्या बायका आल्या. ताईंनी त्यांना विचारलं, "उपाशीपोटी आलात ना?"

मग गेल्या वर्षी ताई मंगळवारी आल्या नाहीत. शनिवारीही नाहीत. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. इतकी वर्षं दुसऱ्यांचं रक्त पाहिलेल्या बाईला स्वतःच्या रक्तात काय झालंय हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण आम्ही सगळे आपले जमलो आणि सुरू झालो. "काही नाही हो, अशक्तपणा आहे." "आठवड्यात घरी." त्यांचा तो कबुतराला घाबरणारा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मीही माझ्या परीनं म्हणालो, "ताई, तुम्हाला काय होतंय!"

ताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की माझी मांडी दुखली.

एका हाताला सलाईन होतं. दुसरा त्यांनी हळूहळू उचलला, उशीवरून, डोक्याच्या वर. पंजा उघडला.

"लागलं," त्या म्हणाल्या. आवाज मिठागरापर्यंत गेला नसता, पण खोलीतल्या प्रत्येकापर्यंत पोचला. त्यांचा नवरा भिंतीपासून वळला आणि त्यानं तो वर केलेला हात धरला. मग ताईंनी आमच्याकडे पाहिलं. समोरच्यानं पुढचा शब्द म्हणायचा असतो. कुणालाच म्हणवेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "अरे, म्हणा की. परत."

त्यांनी तसे बरेच डाव घेतले. डॉक्टर म्हणाले होते त्याहून बरेच जास्त.

परवा मी साखर तपासायला लॅबमध्ये गेलो. ताईंच्या खुर्चीवर नवीन मुलगी आहे. हात अजून बसलेला नाही. तिनं सुई घातली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली, शीर सापडेना. कपाळाला घाम.

"दुखलं का हो काका?"

"छे छे, चालतं," हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण माझा मोकळा हात आपोआप वर गेला आणि मी ओरडलो, "लागलं!"

सगळी लॅब दचकली. रांगेतला एक माणूस उभा राहिला. मुलीचे डोळे पाण्यानं भरले. तिनं पटकन सुई काढली. "सॉरी काका. मी सिनियरना बोलावते."

"कशाला?" मी दुसरी बाही वर केली आणि हात तिच्यापुढे धरला.

"परत."