फट नसलेलं दार

आमच्या थोरल्या काकांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे सुतारांचं ढोबळ काम पाहिलं की त्यांच्या कपाळावर आठ्या चढत. दुकान बंद केल्यावर त्यांनी गॅरेजमधल्या हत्यारांच्या कपाटाला स्वतःच दार करायला घेतलं. फटीतून पोस्टकार्डसुद्धा जाता कामा नये, हा हट्ट. तीन आठवडे रंधा मारून त्यांनी दार बसवलं, हत्यारं आत रचली आणि तळहाताने दाबून दार लावलं. पोस्टकार्ड कुठूनच जाईना. काकांची छाती फुगली. आता फक्त हँडल बसवायचं राहिलं होतं. त्याला स्क्रूड्रायव्हर हवा होता, आणि तो आत होता.

"सुताराला बोलावू का?" काकूने शांतपणे विचारलं.

"नको," काका म्हणाले, "तो फट पाडेल."