आत्याच्या घराची शाकारणी

ठाण्याहून आंबिवलीला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे आणि वेठबिगारीविरुद्धची शंभरेक पत्रके होती. पत्रके मीच लिहिलेली, आणि मला ती फार आवडलेली. आत्याचे पोस्टकार्ड मात्र दोनच ओळींचे होते : "घर शाकारायचे आहे. तू ये." तिचे यजमान, गावातले मास्तर, दिवाळीआधी वारले. मूलबाळ नाही. मजुरांवर लक्ष ठेवायला घरचे कोणी हवे असेल, असा मी अर्थ लावला.

आंबिवलीला उतरून काळू नदी गुडघाभर पाण्यातून ओलांडावी लागते. मध्यावर उजवी वहाण पाण्याने नेली. डावी मी रागाने तिच्यामागे फेकली. मग उन्हाने तापलेल्या भातखाचरांतून अक्षरशः नाचत गाव गाठले.

आत्याने आधी पायांकडे पाहिले. "अनवाणी आलास ते बरं. छपरावर वहाणा चालत नाहीत."

"मी छपरावर?"

"मग पोस्टकार्ड कुणाला घातलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच घरचे पाच शेतकरी आले आणि नळे (हाताने घडवलेली गोल कौले) उतरवू लागले. त्यांतले वडीलधारे हिरू पाटील. मीही शिडीवरून वर चढलो आणि त्यांना विचारले, "मजुरी काय ठरली आहे?"

"कसली मजुरी?"

"मग दिवसभर राबून मिळतं काय?"

"दुपारची भाकर. मास्तरीनबायचं वालाचं बिरडं खाल्लं नाय का तू कदी?"

माझे डोके तापले. माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी वेठ! आढ्याला (छपराच्या माथ्यावरच्या लाकडाला) मिठी मारून मी तिथूनच भाषण सुरू केले. मोबदल्याशिवाय नळ्याला हात लावू नका, आत्ताच्या आत्ता काम थांबवा. पाचही जण मन लावून ऐकत होते. मग एकेक करून खाली उतरले, आंब्याखाली बसले आणि त्यांनी विड्या पेटवल्या.

"संप," हिरू पाटील गंभीरपणे म्हणाले. "तूच बोल्लास ना?"

इतक्या सभा घेतल्या, पण माझ्या शब्दावर आजवर एक माणूस जागचा हलला नव्हता. इथे पाच हलले. एका विडीपुरता मी जगातला सर्वांत सुखी पुढारी होतो.

"वसंता, खाली ये." आत्या मागल्या दारी उभी होती. तिच्या स्वयंपाकघरात लख्ख ऊन पडले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "मास्तर या पाचही घरांवर दर साली चढायचे, म्हणून हे आपल्याकडे चढायचे. यंदा मी सांगून ठेवलं, माझा भाचा येईल, तो तुमच्याकडे येईल. त्या शब्दावर आलेत ते. तसं नुसतं बोलावलं असतं तरी आले असते. पण कीव करून. ती मला नको आहे रे."

जमीनदार शेठच्या वाड्यावर कुळांना फुकट राबवतात ती वेठच, आणि त्याबाबत मी एक अक्षरही मागे घेत नाही. पण ही वेठ नव्हती. इथे मोबदला ठरलेला होता. तो मी होतो.

आंब्याखाली जाऊन म्हणालो, "मी पाचही घरी येतो."

"तू येशील," हिरू पाटील म्हणाले, "पन वरती बसशील, का बोलशील?"

"दोन्ही करीन."

"मंग चल. मास्तर वासं बांधाची सुतळी तोंडात धरून चडायचा. तू बी धर. गाव जरा निवांत होल."

खालचा नळा उताणा, वरचा पालथा, एवढेच ते शास्त्र. मी पहिली ओळ सगळीच पालथी घातली. "पानी घरात घ्याचं ठरवलंस का?" खालून विचारणा झाली. पुढच्या ओळीला माझा एक पाय वाशांतून थेट स्वयंपाकघरात गेला. आत्याने पीठ लागलेल्या हाताने तळवा धरून तो परत वर ढकलला आणि ती भाकरी थापू लागली. मला हसू आवरेना. दुपारी तांदळाच्या भाकरीबरोबर बिरडे इतके खाल्ले, की शिडीच कुरकुरली.

पुढचे पाच दिवस रोज नवे छप्पर. एका घरावरून मी पेंढ्याच्या ढिगात घसरलो, दुसऱ्या घरी तसाच मुद्दाम घसरलो. वरून सगळे गाव दिसायचे : काळूचे वळण, वाळत घातलेली गोधडी, कोणाच्या चुलीवर काय शिजते आहे तेसुद्धा. सुतळी दातांत असूनही मी गात होतो म्हणे.

निघण्याच्या सकाळी हिरू पाटील ओटीवर येऊन बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"मास्तरीनबाय, पुडच्या साली पयलं घर कोनाचं घ्याचं? तुमचं का आमचं?"

हा प्रश्न त्या गावात घरधन्यालाच विचारतात. आत्याने तांदूळ निवडता निवडता हात थांबवला.

"तुमचं घ्या," ती म्हणाली. "माझा माणूस आदल्या दिवशी येईल."

माझा निर्णय मला न विचारता परस्पर झाला होता, आणि तो मला एकमताने मंजूर होता. गाडीत कळवा येईपर्यंत मी एकटाच हसत होतो. समोरच्या गृहस्थांनी शेवटी आपली ट्रंक उचलली आणि ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.