बहिणीच्या मेंदूचा आलेख

मी मुळातच संशयी. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्या भाषावादाच्या दिवसांत तर समोरचा मराठीवाला की कोकणीवाला, हे ताडल्याशिवाय मी त्याच्याशी धड बोलतही नसे. मग घरातली दहा वर्षांची बहीण तरी कशी सुटणार?

कोरगावला आमच्या घरापुढच्या सोप्यावर मी तिचा अभ्यास घ्यायचो. वाचता वाचता ती मध्येच थांबायची. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. आठ-दहा सेकंदांनी पुन्हा वाचू लागायची. काजू वेचतानाही तेच. बोंडू हातात धरून उभीच. कामचुकार कार्टी सोंग करते, असं माझं पक्कं मत. मी थोबाडीत द्यायचो. "माका काय कळना रे दादा," ती रडत म्हणायची. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं मी आईला ऐकवायचो.

दोन वर्षांनी पेडण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढायला पणजीला पाठवलं. मी खुशीत निघालो. मशीनपुढे हिची लबाडी उघडी पडणार होती.

निघताना आईने तिच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल थापलं. डोक्याच्या तपासणीला मुलगी कोरड्या केसांनी पाठवली तर लोक काय म्हणतील? मशीन चालवणारा तंत्रज्ञ बेळगावकडचा. त्याने कपाळाला हात लावला. तारांची टोकं तेलकट डोक्याला चिकटेनात. नळाखाली दोनदा साबणाने डोकं धुतलं, व्हरांड्यात तासभर केस वाळवले, तेव्हा कुठे आम्हाला पुन्हा आत घेतलं.

कागद सरकू लागला आणि त्यावर मशीनची पेनं बारीक थरथरत रेघा ओढू लागली. आता मला मशीनचाही भरवसा वाटेना. सगळ्यांच्याच डोक्यातून हेच निघत असणार.

"बाळ, जोरजोरात फुंकर मार. मी सांगेपर्यंत थांबू नको," तंत्रज्ञ म्हणाला. दोन-तीन मिनिटं ती फुंकत राहिली आणि मग थांबली. तीच हरवलेली नजर. त्याच क्षणी सगळी पेनं एकदम उंच उड्या मारू लागली. तंत्रज्ञ हळूच म्हणाला, "केळं." पेनं निवली तेव्हा त्याने तिला विचारलं, "मी आत्ता काय म्हणालो?"

"काय नाय," ती म्हणाली.

"मुद्दाम सांगत नाही ती," मी म्हणालो.

त्याने कागद माझ्यापुढे धरला. "चेहऱ्याचं सोंग आणता येतं साहेब. याचं नाही."

मला तिच्याकडे बघायची लाज वाटली.

डॉक्टरांनी कागद पाहिला. हा फिटचाच एक प्रकार आहे, गोळ्यांनी आटोक्यात येईल, म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ती अशी थांबते तेव्हा घरी तुम्ही काय करता?"

बहिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "दादा माझ्या पाठीर हात फिरयता."

दोन वर्षं मी तिचं खोटं पकडायला टपून होतो. ते मला तिथे सापडलं.